‘कशावरून?’ असे विचारणारे संग्रहालय

पहिल्या दालनातील पहिल्याच तक्त्यापुढे मी जवळजवळ अर्धा तास उभी होते. तक्त्यावरची नावे मला सर्वस्वी परकी होती. त्या घराण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. मला थांबवून ठेवले ते प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या एका शब्दाने. तो शब्द होता ‘कशावरून’, आणि त्याच्या पुढे उत्तर होते: ‘जन्मनोंदवही, पान ४१’, ‘जमिनीच्या वाटणीचा कागद’, ‘धाकट्या पातीतील आजींच्या सांगण्यावरून’, ‘शाळेच्या दाखल्यावरून, पण त्यातील वय चुकीचे असावे’. दोन ठिकाणी, तितक्याच सरळपणे, ‘आमचा अंदाज’ असे लिहिलेले होते.

गेली बारा वर्षे मी स्वतःच्या आणि मागितल्यास इतरांच्या घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचे काम हौसेने करते आहे. या काळात चौकटीत लावलेले, सोनेरी वेलबुट्टीचे, झाडाच्या फांद्यांवर नावे लटकवलेले कितीतरी तक्ते पाहिले. त्यांपैकी बहुतेकांवर शेंड्यापासून मुळापर्यंत सगळी नावे सारख्याच ठाम अक्षरांत असतात. सात पिढ्यांपूर्वीचा पुरुष आणि मागच्या वर्षी जन्मलेले बाळ यांच्याबद्दलची आपली माहिती जणू एकाच दर्जाची आहे, असा त्यामुळे भास होतो. वंशावळीच्या कामातील बहुतेक चुका याच भासातून जन्माला येतात आणि एकदा का त्या चौकटीत बसल्या की पुढच्या पिढ्या त्यांची डोळे मिटून नक्कल करतात. म्हणूनच एका लहानशा खेड्यात, तीन खोल्या आणि एक ओसरी एवढ्याच जागेत, हौशी गावकऱ्यांनी उभारलेल्या संग्रहालयाने हा एक शब्द प्रत्येक नावाखाली लिहिण्याचे व्रत घेतलेले पाहून मला मनापासून आनंद झाला.

संग्रहालयाचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही. तेथील तक्त्यांवर हयात माणसांचीही नावे आहेत, आणि दारातच लावलेल्या नियमांत, येथे पाहिलेली माहिती बाहेर लिहिताना घराणे ओळखू येईल असे काही लिहू नये, अशी विनंती आहे. विनंती रास्त आहे आणि मी ती पाळते आहे. गावाचे नाव नसलेले परीक्षण वाचून कोणी तेथे पोहोचणार नाही हे खरे. पण अशी छोटी संग्रहालये अनेक ठिकाणी आहेत आणि निघतही आहेत, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे ठरवायला या एका संग्रहालयाचा अनुभव उपयोगी पडेल.

तक्ते काढण्याची तेथील पद्धत आधी सांगते. पिता-पुत्र किंवा माता-कन्या हे नाते लेखी पुराव्याने सिद्ध असेल तर दोन नावांमध्ये जाड रेघ आहे, ते केवळ सांगोवांगीचे असेल तर बारीक रेघ आहे, आणि तर्काने जोडलेले असेल तर तुटक रेघ आहे. लेखी पुरावाही एकाच तोलाचा मानलेला नाही. घटनेच्या वेळीच, घटना पाहिलेल्या माणसाने लिहिलेली नोंद वेगळी आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी आठवून लिहिलेले टिपण वेगळे, हा भेद तक्त्याखालच्या खुलाशात स्पष्ट केला आहे. मृत्यूच्या नोंदीत मृत्यूची तारीख बहुधा खरी असते. पण त्याच नोंदीतील जन्माचे वर्ष सांगणारा माणूस त्या जन्माच्या वेळी हजर नसतो, तेव्हा एकाच कागदावरच्या दोन तारखांवर सारखाच विश्वास ठेवू नये, हे तेथे एका उदाहरणासह मांडले आहे. इतकी साधी गोष्ट, पण मला ती कळायला माझी पहिली तीन वर्षे गेली होती.

याच दालनात, खिडकीजवळच्या काचपेटीत, संपूर्ण संग्रहालयातील माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू आहे. जन्मनोंदींच्या वहीची दोन पाने तेथे शेजारी शेजारी उघडून ठेवली आहेत. दोन्ही पानांवर एकाच नावाचा मुलगा आहे, आईबापांची नावेही तीच आहेत, आणि दोन नोंदींमध्ये चार वर्षांचे अंतर आहे. त्या घराण्याच्या घरगुती वंशावळीत या नावाचा एकच पुरुष होता आणि त्याचे आयुष्य पहिल्या तारखेपासून मोजले जात असे. घरात तो ‘अठ्ठ्याऐंशी वर्षे जगलेला’ म्हणून प्रसिद्ध होता. प्रत्यक्षात पहिला मुलगा अकरा महिन्यांचा असताना गेला होता आणि त्याचेच नाव आईबापांनी पुढच्या मुलाला ठेवले होते. गेलेल्या मुलाचे नाव पुन्हा ठेवण्याची रीत जगाच्या कितीतरी भागांत होती, आणि वंशावळ जुळवणाऱ्यांना चकवणाऱ्या गोष्टींत तिचा क्रमांक फार वरचा लागतो.

पहिल्या पानावर नीट पाहिले तर नावाच्या डावीकडे समासात एक बारीक फुली दिसते. शाई वेगळी आहे, किंचित तांबूस पडलेली, आणि टोक कागदात रुतलेले आहे. नोंद करणाऱ्याने मागाहून, बहुधा मृत्यूची खबर मिळाल्यावर, ती केली असावी. संग्रहालयाने तक्ता दुरुस्त केला आहे: जेथे एक नाव होते तेथे आता दोन आहेत, आणि पहिल्याखालची रेघ नखाएवढीच असून तेथेच थांबते. ‘कशावरून’ पुढे ‘जन्मनोंद व समासातील फुली; मृत्यूची स्वतंत्र नोंद सापडली नाही’ असे लिहिले आहे. अकरा महिन्यांच्या त्या बाळाला एवढ्या वर्षांनी घराण्यात स्वतःची जागा मिळाली, आणि ती देताना संग्रहालयाने पुराव्यातली उणीवही लपवली नाही, याचे मला फार कौतुक वाटले.

माझ्या स्वतःच्या घराण्याच्या तक्त्यात नेमकी हीच चूक होती. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ मी एकच धरले होते आणि एकाची बायको दुसऱ्याच्या नावावर टाकली होती. ती चूक माझ्याकडून एका छापील वंशवृत्तात गेली आणि आजही तशीच आहे. या पेटीपुढे उभी राहून मला तिची आठवण झाली नसती तरच नवल.

दुसऱ्या दालनात बायका आहेत, आणि हे वाक्य मी मुद्दाम असे लिहिते आहे, कारण बहुतेक वंशावळींत त्या नसतात. पुरुषाच्या नावापुढे ‘पत्नी’ एवढाच शब्द, किंवा नुसतेच लग्नानंतरचे नाव; मुली असतील तर त्या रेघेच्या शेवटी ठिपका होऊन संपतात. या संग्रहालयाने गावातील घराण्यांचे तक्ते चारही भिंतींवर लावले आहेत आणि एका घरातील मुलगी दुसऱ्या घरात दिली गेली असेल तर तिच्या माहेरच्या नावापासून सासरच्या नावापर्यंत खोलीतून आरपार रंगीत धागा ताणला आहे. आत शिरताना वाकून जावे लागते. पाचदहा मिनिटे वर पाहत उभे राहिले की लक्षात येते की भिंतींवरची झाडे वेगवेगळी दिसत असली तरी हे सगळे मिळून एकच जाळे आहे, आणि ते विणले गेले आहे ते वंशावळींनी गाळलेल्या माणसांमुळे.

ज्या बायकांचे माहेर कळलेले नाही त्यांचे धागेही लावले आहेत. ते सासरच्या नावापासून निघतात आणि खाली लोंबत राहतात. टोकाला कागदाची छोटी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर ‘कोठून?’ एवढेच लिहिले आहे. मी मोजले तेव्हा असे धागे २९ होते. पाहायला येणाऱ्यांपैकी कोणी आपल्या आठवणीतून, घरच्या एखाद्या पत्रातून त्याचे उत्तर दिले की तो धागा उचलून भिंतीवर नेतात. गेल्या वर्षभरात असे तीन धागे जोडले गेल्याचे सांभाळणाऱ्या बाईंनी दाखवले.

या दालनातील एक हिशेब मात्र आणखी ठळकपणे मांडायला हवा होता. तो कोपऱ्यातल्या एका फलकावर आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटत असणार. प्रत्येक माणसाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, या क्रमाने मागे गेले तर दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वज होतात, विसाव्या पिढीत १०,४८,५७६, आणि तिसाव्या पिढीत १०७ कोटींच्या वर. तीस पिढ्यांपूर्वी साऱ्या पृथ्वीवर मिळूनही तेवढी माणसे नव्हती. याचा अर्थ एवढाच की तीच तीच माणसे वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा आपले पूर्वज ठरतात. राजघराण्यांत हे टोकाला गेलेले दिसते: स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१ ते १७००) याचे वडील हे त्याच्या आईचे सख्खे मामा होते, त्यामुळे त्याची आजी हीच त्याची आत्याही होती. लहान गावात पिढ्यानपिढ्या जवळच्या जवळ सोयरिका होत गेल्या की कमीअधिक प्रमाणात हेच घडते, आणि डोक्यावरचे धागे तेच सांगत असतात. फलक आणि धागे यांचा संबंध एका वाक्यात जोडून दिला असता तर हे दालन अप्रतिम झाले असते.

तिसरे दालन ऐकण्याचे आहे. तेथे चार खुर्च्या आणि चार हेडफोन आहेत, आणि गावातील वृद्धांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकता येतात. मी ऐकलेल्यांपैकी एका आजींची मुलाखत मनात घर करून राहिली. त्या आपल्या नवऱ्याच्या घराण्यातील नावे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सांगत आहेत आणि नावे सांगताना बोटांवर मोजत असाव्यात, कारण प्रत्येक नावानंतर बांगडीचा बारीक आवाज येतो. पाचव्या नावाशी त्या अडखळतात, ‘नाही, तो नव्हे’ असे म्हणतात, पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करतात, आणि या वेळी पाचव्या जागी वेगळेच नाव येते. त्यांची स्मृती नावांच्या सुट्या यादीसारखी नाही, ती एखाद्या पाठ केलेल्या ओवीसारखी आहे. मधूनच उचलून सांगता येत नाही, सुरुवातीपासूनच म्हणावी लागते. मौखिक वंशावळीचे स्वरूप कसे असते हे या चाळीस सेकंदांत जितके कळते तितके कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

म्हणूनच या मुलाखतीचा छापील उतारा वाचून मी खट्टू झाले. त्यात ते अडखळणे गाळले आहे. पाचवे नाव सरळ दुसऱ्यांदा सांगितलेलेच छापले आहे. ज्या संग्रहालयाने पहिल्या दालनात ‘आमचा अंदाज’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवले, त्याने येथे आजींचा संभ्रम पुसून टाकावा हे बरोबर नाही. त्या दोन नावांपैकी खरे कोणते याचा निर्णय उद्याच्या एखाद्या संशोधकाला करावा लागेल, आणि त्याच्या हाती फक्त कागद असेल तर पहिले नाव त्याला कधीच भेटणार नाही. मी हे बाईंना सांगितले. त्यांनी उतारा काढणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘स्वच्छ’ लिहायला सांगितले होते, असे त्या म्हणाल्या, आणि वहीत माझा शेरा टिपून घेतला.

मौखिक परंपरांचे अभ्यासक, बेल्जियमचे इतिहासकार यान वान्सिना (१९२९ ते २०१७) यांनी एक निरीक्षण नोंदवले आहे, ते या दालनात लावायला हवे असे मला वाटते. लोकांना अगदी अलीकडच्या दोनतीन पिढ्या तपशीलवार आठवतात आणि मूळपुरुषाची कथाही ठाऊक असते, पण मधला काळ रिकामा असतो. आणि पिढ्या पुढे सरकतात तशी ही पोकळीही पुढे सरकते. परिणाम असा होतो की मधली माणसे गळून मूळपुरुष आपल्या खापरपणजोबांना येऊन चिकटतो आणि दोनशे वर्षांचे अंतर एका रेघेत मिटते. या संग्रहालयातील बारीक रेघा लक्ष देऊन पाहिल्या तर त्या बहुतेक सगळ्या तक्त्यांत त्याच उंचीवर, म्हणजे मुळापासून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आसपास, दाट होतात. हे त्यांच्या स्वतःच्याच भिंतीवर दिसते आहे, फक्त कोणी ते बोट ठेवून दाखवलेले नाही.

ओसरीवरच्या ‘जगातील वंशावळी’ या भागाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तेथील फलक कोठून तरी उतरवून घेतल्यासारखे आहेत, आणि गंमत म्हणजे नेमके तेथेच ‘कशावरून’ लिहिलेले नाही. आइसलँडमध्ये १७०३ साली झालेल्या नावनिशीवार जनगणनेमुळे तेथील लोकांना आपली वंशावळ दूरवर नेता येते, चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या घराण्याची २००९ साली प्रसिद्ध झालेली वंशावळ वीस लाखांच्या घरातील नावांची आहे, ही माहिती खरी असली तरी त्या गावाशी तिचे काही नाते जुळत नाही. याला अपवाद दोन फलकांचा. एक आहे पूर्वजांना क्रमांक देण्याच्या पद्धतीचा. ऑस्ट्रियाचे इतिहासकार मिखाएल आइट्सिंगर यांनी १५९० साली वापरलेली आणि जर्मन वंशावळ-अभ्यासक श्टेफान केकुले फोन श्ट्राडोनिट्स यांनी १८९८ मध्ये पुन्हा रूढ केलेली ही पद्धत इतकी सोपी आहे की मूलही शिकेल: आपण स्वतः १, कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, आणि दुप्पट अधिक एक म्हणजे त्याची आई. त्यामुळे २२ हा क्रमांक पाहताच तो ११च्या वडिलांचा हे कळते. पण ११ कोण, येथे मीच घाईत चुकले होते, म्हणून सावकाश लिहिते: ३ आई, ५ वडिलांची आई, ७ आईची आई, ११ वडिलांच्या आईची आई, आणि २२ तिचे वडील. कागदावर मांडल्याखेरीज उमगत नाही, आणि म्हणूनच फलकाखाली पाटी आणि खडू ठेवले आहेत हे फार चांगले केले आहे.

दुसरा फलक दिनदर्शिकेचा आहे. इंग्लंडमध्ये १७५२पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जून १७४० मध्ये जन्मलेले मूल जानेवारी १७४० मध्ये वारल्याची नोंद सापडू शकते आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. आजच्या हिशेबाने तो जानेवारी १७४१चा असतो. शिवाय १७५२ सालीच २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला गेला. अशक्य वाटणारी नोंद दिसली की ती चूक म्हणून फेकून देण्याआधी ती लिहिणाऱ्याचे कॅलेंडर कोणते होते हे विचारावे, हा धडा कोणत्याही देशातील जुन्या तारखांना लागू पडतो.

डीएनएची तपासणी करून नातेवाईक शोधण्याविषयीचा फलक छोटा पण जबाबदारीने लिहिलेला आहे. सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असते. पण ही टक्केवारी पाहून नाते चुलत की मावस हे सांगता येत नाही, आणि पणजोबा-पणतू यांच्यातही तेवढेच प्रमाण असते. आपली भाषा ज्या चार नात्यांना चार शब्द देते ती चारही त्या आकड्यात एक होऊन जातात. खापरपणजोबा सामाईक असलेल्या दोघांमध्ये तर दहातल्या साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही, आणि तरीही त्यांचे नाते खरे असते. चाचणीने अनेकदा घरात कोणी न सांगितलेली गोष्टही बाहेर येते, तेव्हा आधी घरच्यांशी बोला, असे फलकावर शेवटी लिहिले आहे. हा सल्ला मी प्रत्येकाला देते.

आता दोष, आणि त्यांतले दोन गंभीर आहेत.

ज्या काचपेटीचे मी इतके कौतुक केले ती खिडकीजवळ आहे. मी गेले त्या दिवशी दुपारी अडीचनंतर उन्हाची तिरीप सरळ त्या दोन पानांवर येत होती. कागद आणि शाई यांच्यासाठी प्रकाशाची मर्यादा साधारणपणे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) धरतात, आणि थेट ऊन त्याच्या शेकडो पट असते. शिवाय प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, पेटी रात्री झाकली म्हणून ती भरून येत नाही. समासातली ती फुली आताच फिकट आहे. ती गेली तर अकरा महिन्यांच्या त्या मुलाचा एकमेव पुरावा जाईल. पडद्याने काम भागेल. मूळ पाने आत ठेवून पेटीत हुबेहूब नक्कल ठेवली तर अधिक बरे. तसेच काही जुनी पत्रे प्लॅस्टिकमध्ये गरम दाबून बंद केली आहेत. ज्यांनी केले त्यांनी कागद वाचावा म्हणूनच केले, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागलेला जुना कागद बहुधा मुळातच आम्लयुक्त असतो, आणि असे प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही. पुढच्या कागदांच्या बाबतीत तरी हे थांबवावे.

दुसरा दोष याहून मोठा आहे. सर्व नोंदवह्यांची छायाचित्रे काढून झाली आहेत, हे काम त्यांनी मोठ्या चिकाटीने केले आहे. पण ती सगळी एकाच हार्ड डिस्कवर आहेत आणि ती डिस्क त्याच इमारतीत, त्याच कपाटात, त्याच नोंदवह्यांच्या शेजारी आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमध्ये यादवीच्या लढाईत सरकारी अभिलेखागार जळाले तेव्हा १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे बहुतेक कागद एका दिवसात गेले, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, इतर ठिकाणी असलेल्या नकला गोळा करूनच त्यातले थोडेफार पुन्हा उभे करता आले. जे वाचले ते दुसरीकडे होते म्हणून वाचले. एक प्रत दुसऱ्या गावात आणि एक इंटरनेटवरील साठ्यात ठेवायला फारसे काही लागत नाही. त्याच कपाटाबद्दल आणखी एक: कोणता कागद कोठे आहे याची लेखी सूची नाही. ती बाईंच्या डोक्यात आहे. मी चार कागद मागितले, चारही त्यांनी दोन मिनिटांत काढून दिले, आणि माझी छाती दडपली.

शोध घेण्यासाठी मदत करण्याची सेवाही संग्रहालय देते. मी एका स्नेह्यांच्या वतीने गेले होते. त्यांच्या पणजीचे माहेर या गावातले असावे असा घरात समज होता. एक छापील अर्ज भरून द्यावा लागतो आणि त्यातही ‘हे आपणास कशावरून माहीत आहे?’ असा रकाना आहे. मी लिहिले, ‘घरातील ऐकीव माहिती’. बाईंनी ते वाचून समाधानाने मान हलवली. दीड तास आम्ही दोघींनी वह्या चाळल्या. कोरडे, स्वच्छ हात पुरतात, जुन्या कागदाला हातमोजे घालू नयेत कारण बोटांची जाण जाते आणि पान फाटते, छायाचित्रे हाताळताना मात्र घालावेत, हे त्यांनी आधीच सांगितले, आणि ते बरोबर आहे. जवळ फक्त पेन्सिल ठेवू देतात.

एका नोंदीत नाव जुळले, वय जुळेना. त्या पानाची नक्कल मी मागितली. ती पाच आठवड्यांनी आली, आणि ती भलत्याच पानाची होती. कळवल्यावर योग्य पान तीन दिवसांत आले, सोबत दिलगिरीची चिठ्ठीही होती. लांबून चौकशी करणाऱ्याने हा वेळ गृहीत धरावा, आणि मागताना वहीचे नाव व पानाचा क्रमांक दोन्ही लिहावेत. मी फक्त पान लिहिले होते. हयात व्यक्तींच्या नोंदी मात्र ते कोणालाच देत नाहीत. इंग्लंड व वेल्समध्ये जनगणनेचे मूळ अर्ज शंभर वर्षे आणि अमेरिकेत ७२ वर्षे बंद ठेवतात. या संग्रहालयाने स्वतःसाठी शंभर वर्षांची मर्यादा घालून घेतली आहे आणि जवळच्या वारसाने लेखी मागणी केल्यास मयतांच्या बाबतीत ती शिथिल करतात. एका चौकशीकर्त्याला माझ्यासमोरच नम्रपणे नकार मिळाला. तो चिडला, पण बाईंचे चुकले नाही.

त्या पणजींचे माहेर सापडले का? अजून नाही. वयातला सहा वर्षांचा फरक कशानेही मिटत नाही, आणि तीच बाई हीच असे म्हणण्याचा मोह आवरावा लागतो आहे. बाईंनी दुसऱ्या दालनात तिच्या नावाची चिठ्ठी लावून एक धागा सोडला आहे, तो तिसावा.

जाणाऱ्यांसाठी थोडे. आधी कळवून जावे, कारण सांभाळणाऱ्या बाई एकट्याच आहेत आणि त्या नसल्या की दार बंद असते. किमान चार तास हाताशी ठेवावेत आणि तिसऱ्या दालनापासून सुरुवात करावी. आवाज ऐकून मग तक्ते पाहिले की बारीक रेघा अधिक बोलक्या होतात. तक्त्यांवरील अक्षरे फार लहान आहेत, वृद्धांना सोबत नेणार असाल तर भिंग जवळ ठेवा, तेथे एकच आहे. उंबरे उंच आहेत आणि चाकांच्या खुर्चीला दुसऱ्या दालनात वाट नाही. आपल्या घरातील जुना कागद दाखवायला नेत असाल तर मूळ न नेता छायाचित्र न्यावे.

हे लिहून झाल्यावर मी ते प्रथम संग्रहालयाकडे पाठवले होते. चौथ्या दिवशी उत्तर आले. खिडकीला जाड पडदा लावला आहे, आजींच्या उताऱ्यात पहिले नाव पुन्हा घातले आहे आणि त्याखाली ‘कशावरून: ध्वनिमुद्रण’ असे लिहिले आहे. डिस्कची दुसरी प्रत कोठे ठेवावी यावर मात्र गावकऱ्यांचे अजून एकमत झालेले नाही.